अर्धी काच

“काका, बाबांनी बोलावलंय. आजच या म्हणालेत.”

काडी मोरीत उकिडवा बसून नळाचा वायसर बदलत होता. त्यानं मान वळवून पाहिलं. दारात मेलवाल्यांची, रेल्वेतल्या जुन्या ड्रायव्हरची, मुलगी उभी होती. चपला काढल्या नव्हत्या, म्हणजे घाईत होती.

“आज? का गं, काय झालं?”

“उद्या सकाळी त्यांना दवाखान्यात हलवायचंय. परवा छातीचं ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, आम्ही आमच्याकडून सगळं करू, पुढचं सांगता येत नाही.” ती एका दमात बोलली. “तेव्हापासून एकच धोशा लावलाय, काडीला बोलवा. तुम्हाला काहीतरी विचारायचंय म्हणे.”

“काय विचारायचंय?”

“ते मला सांगतील तर ते बाबा कसले! या हं काका. मी औषधं घेऊन येते तोवर.”

ती गेली. काडीच्या हातातला पाना मोरीत पडला आणि तो उचलायचंही त्याला सुचलं नाही. एकतीस वर्षं त्यानं या प्रश्नाची वाट पाहिली होती, आणि तो कधी येऊच नये म्हणून तेवढीच वर्षं मनातल्या मनात हात जोडले होते.

त्याचं खरं नाव पेन्शनच्या कागदावर होतं, बाकी कुठे नव्हतं. वाफेच्या इंजिनांच्या त्या शेडमध्ये दीड-दोनशे माणसं कामाला होती, पण फायरमन ज्या हातभर दारातून भट्टीत कोळसा मारतो, त्या दारातून आख्खा आत शिरू शकणारा फिटर एकच. आधी एक खांदा, मग दुसरा, मग कंबर, मग पाय. बाहेरून कुणीतरी ओरडायचं, “काडी पेटीत गेली रे!” आणि सगळे हसायचे. आत गुडघ्यावर बसून तोही हसायचा.

आत त्याचं काम असायचं ते डोक्यावर. भट्टीच्या छताला शिसं भरलेलं एक पितळी बूच असतं. छताच्या वर बॉयलरचं पाणी. पाणी उतरून छत उघडं पडलं की शिसं वितळतं, त्या भोकातून वाफ भट्टीत घुसते, आग दबते, आणि बॉयलर फुटण्याआधी सगळे सावध होतात. वस्तू मुठीत मावणारी, पण इंजिनावरच्या माणसांचा जीव तिच्या भरवशावर. ते बूच ठरलेल्या दिवशी काढून नवं बसवायचं, त्याच्या माथ्यावर तारीख ठोकायची, हे काडीचं काम. पाणी किती आहे ते बघणं मात्र ड्रायव्हरचं. त्यासाठी त्याच्या डोळ्यांसमोर एक उभी काचेची नळी असते, बॉयलरमध्ये जेवढं पाणी तेवढं तिच्यात दिसतं. म्हणून बूच वितळलं की कुणी फार विचार करत बसायचं नाही. ड्रायव्हरनं काचेकडे पाहिलं नाही, विषय संपला. बूच वितळवलेला ड्रायव्हर म्हणजे शेडमधला नाक कापलेला माणूस.

“जाणार आहात ना?” बायकोनं आतून विचारलं. तिनं सगळं ऐकलं होतं. ती नेहमीच सगळं ऐकायची.

“जायला तर पाहिजे.”

“मग असं तोंड का पडलंय? म्हातारा माणूस आहे, दोन शब्द बोलायचे असतील. हो ला हो म्हणा आणि या.”

काडीनं हात पुसले. पलंगाखालून अवजारांची पेटी ओढली, सगळ्यात खालचा, तेलानं काळा पडलेला कापडाचा गोळा काढला आणि खिशात घातला. खिसा एका बाजूला ओघळला.

“ते काय घेतलंत?”

“जुनं सामान आहे.”

“इतकी वर्षं त्या पेटीला कुणाला हात लावू देत नाही तुम्ही. काय आहे त्यात?”

“आल्यावर सांगतो.”

“आल्यावर म्हणजे याच जन्मात ना?” ती म्हणाली. एरवी तो हसला असता.

मेलवाल्यांचं घर रुळांच्या पलीकडे. वाट शेडवरूनच होती. शेड म्हणायचं आता सवयीनं. छताचे पत्रे काढून नेले होते, धूर जायची धुराडी लोखंडी सांगाड्यातून नुसतीच लोंबत होती. इंजिनाखाली उतरून काम करायच्या चरांत हिरवं पाणी साचलं होतं. दहाचं ऊन वरून सरळ आत पडलं होतं. या जागेत ऊन पडलेलं काडीला कधी आवडलं नाही. चाळीस इंजिनांच्या धुरानं इथे भर दुपारी दिवे लागायचे, आणि त्या अंधारात त्याला प्रत्येक खिळा ठाऊक होता.

तिसऱ्या चराजवळ त्याची पावलं आपोआप रेंगाळली. इथेच त्या दिवशी मेलचं इंजिन उभं होतं.

मेन लाइनवरची ती सगळ्यात मोठी गाडी. सव्वा अकराला स्टेशनात यायची. आधीचं दमलेलं इंजिन सुटायचं, या शेडचं ताजं इंजिन लागायचं आणि पुढचे दोनशे मैल, त्यातले चाळीस नुसते चढाचे, ते ओढायचं. शेडमधल्या साठ ड्रायव्हरांपैकी चौघांनाच ती गाडी मिळायची, आणि त्या चौघांतही मेलवाले हे नाव पडलं होतं ते एकाचंच. ते फलाटावरून चालत आले की हमाल वाट द्यायचे. एका मिनिटाचा उशीर झाला तर त्यांना जेवण जायचं नाही.

त्या सकाळी इंजिनाचं बॉयलर धुऊन झालं होतं. काडीनं आत शिरून जुनं बूच काढलं, नवं बसवलं. बॉयलरमध्ये पाणी भरल्यावर पाहतो, तर नव्या बुचाच्या कडेनं थेंब. आणखी पिळलं, तरी थेंब. छताच्या भोकाचे आटे झिजले होते. ते पुन्हा कापायचे, मोठ्या मापाचं बूच आणायचं, म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम. मेलला दुसरं इंजिन द्यावं लागणार. फोरमन बाहेरून ओरडत होता, “काडी, झोपलास का रे आत?”

पाणी पुन्हा उतरवून घेतलं आणि त्यानं सहज म्हणून जुनं बूच परत लावून पाहिलं. जुनं बूच त्या भोकाला सरावलेलं होतं. पाणी चढवलं, एक थेंब नाही. काडी त्याच्याकडे बघत बसला. शिसं वरून जरा खाल्लेलं होतं, पण अजून महिना सहज निघाला असता. पुढच्या धुण्याला आटे कापू, त्याच्या मनात आलं. कानशीनं त्यानं बुचाच्या माथ्यावरची जुनी तारीख घासून काढली, शिसं खरवडून चकचकीत केलं आणि त्या दिवशीची तारीख ठोकली. स्टोअरमध्ये जुनं बूच जमा करावं लागायचं, तिथे पेटीतलं कुठलं तरी भंगार बूच दिलं. नवं बूच फडक्यात गुंडाळून पेटीच्या तळाशी गेलं. असं त्यानं आधी कधी केलं नव्हतं. दुसऱ्या कुणी केलं असतं, तर त्यानंच त्याची सालटी काढली असती.

ते बूच महिना टिकलं नाही. नऊ दिवस टिकलं.

नवव्या दिवशी, चढाच्या ऐन मध्यावर, चौदा डबे मागे असताना ते गेलं. वाफ भट्टीत घुसली, भट्टीचं दार उघडं होतं, फायरमनचा हात कोपरापर्यंत भाजला. मेल तीन तास दहा मिनिटं रानात उभी राहिली आणि तिच्यामागे सगळी मेन लाइन.

इंजिन ओढून आणलं, थंड झालं, आणि आत काडीलाच जावं लागलं. दुसरं कोण मावणार! हातात दिवा घेऊन त्यानं वर पाहिलं. पाणी उतरून छत तापलं असेल तर लोखंडी पत्रा निळा पडतो, हे शेडमधल्या शेंबड्या पोरालाही माहीत. पत्रा काळा होता. रोजच्या काजळीनं काळा, जिथल्या तिथे. म्हणजे पाणी होतं. म्हणजे त्याचंच बूच नासकं निघालं होतं.

“काय दिसतंय?” फोरमननं बाहेरून विचारलं.

“नीट दिसत नाही साहेब.”

आठ दिवसांनी चौकशी झाली. टेबलावर बूच ठेवलं होतं, माथ्यावर नवी तारीख ठळक. मेलवाल्यांना विचारलं. ते म्हणाले, “काचेत पाणी होतं. अर्धी काच. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.” तीनदा विचारलं, तीनदा तेच म्हणाले. फक्त तिसऱ्यांदा त्यांचा आवाज जरासा खाली आला, आणि ते काडीला ऐकू आलं. पट्टी बांधलेला फायरमनही अर्धी काच म्हणाला, पण तो काय आपल्या ड्रायव्हरची बाजू घेणारच, असं सगळ्यांनी धरलं. मग काडीची पाळी आली.

“बूच नवं होतं?”

“नवं होतं.”

“छताचा पत्रा कसा होता?”

फोरमन त्याच्याकडे बघत होता. दोष शेडचा निघाला तर फोरमनही जाणार होता. पण उगाच त्याच्यावर कशाला ढकला, काडी जे बोलला ते स्वतःच्या तोंडानं बोलला.

“थोडा निळसर वाटला, साहेब.”

हे एकच वाक्य. ते बोलायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मेलवाल्यांची मेल गेली.

त्यांना यार्डात टाकलं. डबे इकडून तिकडे ढकलणारं जुनं, ठेंगणं इंजिन त्यांना दिलं. दोनशे मैलांचा माणूस पाचशे पावलांत येऊन पडला. तेरा वर्षं, रोज, पाचशे पावलं पुढे आणि पाचशे मागे. टवाळ पोरांनी नाव ठेवलं, येरझारे. एखाद्याचं आडनाव असावं तसं ते चिकटलं. नव्यानं आलेल्या एका कारकुनानं तर खरंच “येरझारेसाहेब” म्हणून हाक मारली होती, आणि त्यांनी ओ दिली होती.

ते इंजिन शेडच्या दारावरून जायचं. काडी दारात असला की मेलवाले हात करायचे. काडीही करायचा.

आणि तो आवाज. पाण्याच्या काचेखाली एक तोटी असते. ती उघडली की काच फुसकन रिकामी होते आणि बंद केली की पुन्हा भरते. काच खरं सांगते आहे ना, ते असं तपासायचं. कुठलाही ड्रायव्हर निघताना एकदा, वाटेत दोनदा-तीनदा तपासतो. मेलवाले दर पाच मिनिटांनी तपासायचे. फुस्स. पाच मिनिटं. फुस्स. त्यांचा फायरमन वैतागायचा, पोरं नक्कल करायची. काडी भट्टीत शिरलेला असला तरी लोखंडातून तो आवाज आत यायचा. जेवताना यायचा. रविवारी घरी यायचा. बायको म्हणायची, “शेगडीवर काही नाहीये, आणि तुम्ही सारखे काय कान देऊन बसता?” वाफेची इंजिनं गेली, त्याच वर्षी मेलवाले निवृत्त झाले, शेडला कुलूप लागलं, तरी आवाज गेला नाही. भुतं मेलेल्या माणसांची होतात असं म्हणतात. काडीला झपाटलं होतं ते रुळांपलीकडे राहणाऱ्या जिवंत माणसानं, आणि तो माणूस भेटला की काडीच्या गुडघ्यांची चौकशी करायचा.

सांगायचं त्यानं दोनदा ठरवलं होतं. एकदा फोरमन निवृत्त झाल्यावर. पाण्याच्या खांबाजवळ मेलवाले इंजिनात पाणी घेत उभे होते. काडी जवळ गेला, तोंड उघडलं. ते म्हणाले, “काय रे, वाळलास किती! काडी होतास, आता दोरा झालास.” आणि हसले. त्या हसण्यानं त्याचं बोलणं आतल्या आत विरलं. दुसऱ्यांदा शेवटच्या इंजिनाची आग उतरवली त्या दिवशी. तेव्हा मेलवाले काचेकडे बघत इतका वेळ उभे होते की त्यांच्याजवळ जायची हिंमत झाली नाही. मग वर्षं गेली, आणि जितकी गेली तितकं ते अवघड होत गेलं. खोट्याचं वय वाढलं की ते घरातल्या माणसासारखं होतं, त्याला बाहेर काढता येत नाही.

आजही त्याला परत फिरावंसं वाटलं. चरातल्या पाण्याकडे बघत तो थोडा वेळ उभा राहिला. मग खिसा सावरून रूळ ओलांडले.

दार वहिनींनी उघडलं. मेलवाल्यांची बायको. “या,” त्या म्हणाल्या. निदान ओठ तसे हलले. वहिनी फार हळू बोलायच्या, इतकं की समोरच्याला पुढे वाकावं लागायचं. लोक म्हणायचे, किती शांत बाई.

मेलवाले खिडकीशी पलंगावर टेकून बसले होते. दाढी केली होती, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावली होती. शरीर आटलं होतं, पण बसणं तसंच ताठ.

“आलास? बस. इथे बस, जवळ. गुडघे कसे आहेत?”

“आहेत, दादा.”

“माझं ऐक. मला धाप लागते, मध्ये बोलू नकोस.” त्यांनी वहिनी स्वयंपाकघरात गेल्याचं पाहिलं. “त्या दिवशी तू भट्टीत गेला होतास. तू एकटाच. मला एवढंच सांग, पत्रा खरंच निळा होता?”

काडीनं खिशावर हात ठेवला.

“मी कधी विचारलं नाही,” मेलवाले म्हणाले. “धीर झाला नाही म्हण. तू निळा म्हणालास तेव्हा मला वाटलं, याचं काहीतरी चुकतंय. काचेत पाणी होतं. अर्धी काच. मला दिसत होतं. मग एक-दोन वर्षांनी आठवायला लागलो, तर पाव काच दिसायला लागली. आता डोळे मिटले की रिकामीच दिसते. मी पाहिलं होतं, की पाहिल्यासारखं वाटलं होतं? तेवढं ठरवून मला दवाखान्यात जायचंय. उद्या डोळे मिटतील आणि समोर ती रिकामी काच असेल, तर ते नको वाटतं.”

ते थांबले. श्वास घेतला. मग आणखी खालच्या आवाजात म्हणाले, “त्यात त्या दिवशी मी घरातून भांडून निघालो होतो. पोरीला ताप होता, चार वर्षांची होती. ही म्हणाली, आज जाऊ नका. मी म्हटलं, मेल काय तुझा बाप नेणार? ही म्हणाली, इंजिनाशीच लग्न करायचं होतं. दार आपटून गेलो. डोकं तापलेलं होतं, काचेकडे पाहिलं नसेन, असं मी पुढे धरून चाललो. आणि हिनंही तसंच धरलं. त्या दिवसापासून हिनं आवाज चढवलेला नाही. एकदाही नाही. मी कधी म्हटलं नाही की तुझ्यामुळे झालं. पण तुझ्यामुळे झालं नाही, असंही कधी म्हटलं नाही.”

काडी ऐकत होता. त्यानं आजवर एका माणसाची मेल घेतली असं समजून स्वतःला शिव्या दिल्या होत्या. या घरातून आणखी काय काय गेलं ते त्याला आत्ता कळत होतं. हो ला हो म्हणा आणि या, बायको म्हणाली होती. हो म्हणणं अजूनही सोपं होतं. निळा होता, दादा, पण तसं होतं कधी कधी, कुणाच्याही हातून होतं. म्हातारा उद्या जाईल, कदाचित परत येणारही नाही.

“पत्रा काळा होता,” काडी म्हणाला.

मेलवाल्यांनी मान वळवली.

“काळा होता, दादा. काजळीनं काळा. पाणी होतं वर. पाणी असल्याशिवाय काळा राहत नाही.” मग त्याला थांबताच येईना. आटे, थेंब, जुनं बूच, कानस, तारीख, स्टोअरला दिलेलं भंगार, सगळं तो सांगत गेला. खिशातलं फडकं काढलं, सोडलं आणि बूच पलंगावर ठेवलं. एकतीस वर्षं तेलात राहिल्यामुळे ते नवंच्या नवं होतं. “हे बसवायचं होतं. हे बसवलं नाही.”

मेलवाल्यांनी ते उचललं. त्याच्या कोऱ्या माथ्यावरून अंगठा फिरवला.

“म्हणजे अर्धी काच होती.”

“अर्धी होती.”

“मी पाहिली होती.”

“पाहिली होती, दादा.”

त्यांनी बूच मुठीत धरलं. बाहेर कुणाची तरी सायकल गेली.

“तेरा वर्षं,” शेवटी ते म्हणाले, “तू शेडच्या दारातून मला रोज बघत होतास.”

“हो.”

“मी तुला हात करायचो.”

“हो.”

“तूही करायचास.”

त्यानं मान खाली घातली. त्याला रडू येत होतं आणि आपण इथे रडणं बरं दिसणार नाही हेही कळत होतं. “दादा, मला माफ…”

मेलवाल्यांनी हात वर केला. गाडी थांबवायला करतात तसा, उभा तळवा. “ते नको. ते तुझं तू बघ. मला आत्ता त्याला वेळ नाही.” आणि मग त्यांनी हाक मारली, “अगं! बाहेर ये. लवकर ये.”

वहिनी पदराला हात पुसत दारात आल्या.

“परत सांग,” मेलवाले काडीला म्हणाले. “हिच्यासमोर. पहिल्यापासून.”

काडीनं परत सांगितलं. दुसऱ्या वेळेला ते लवकर संपलं. इतक्या वर्षांचं ओझं, आणि नीट सांगितलं तर चार-पाच वाक्यांत बसत होतं. वहिनी चौकटीला धरून ऐकत होत्या. त्यांनी काडीकडे एकदाही पाहिलं नाही. त्यांची नजर नवऱ्यावर होती.

“म्हणजे माझ्या बोलण्यानं काही झालं नव्हतं,” त्या म्हणाल्या.

“नाही.”

“तुम्ही काचेकडे पाहत होतात.”

“पाहत होतो. अर्धी होती.”

वहिनींनी चौकट सोडली. दोन पावलं पुढे आल्या.

“मग त्या दिवशी तुम्ही जायला नको होतं,” त्या म्हणाल्या. काडीला पुढे वाकावं लागलं नाही. “पोरगी तापानं फणफणली होती. एकशे तीन ताप होता तिला.”

मेलवाल्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. “शंभर होता,” ते म्हणाले.

“एकशे तीन!”

“शंभर. फार तर एकशे एक.”

“दोनदा लावून बघितला मी! दोनदा! माझ्या डोळ्यांनी पाहिला एकशे तीन, आणि तुम्ही मला शंभर सांगता? तुम्ही बघितला होतात? तुमचं लक्ष होतं त्या सव्वा अकराकडे!”

“ओरडू नकोस.”

“ओरडेन! एकतीस वर्षं नाही ओरडले मी!”

कपाटातल्या कपबश्या वाजल्या, की काडीला तसं वाटलं. तो उठला. बस किंवा जा असं त्याला कुणी म्हटलं नाही, तो खोलीत आहे हेच दोघं विसरले होते. मेलवाले धापा टाकत होते, एका हातात बूच होतं आणि दुसऱ्या हाताची बोटं नाचवत ते वाद घालत होते. त्यांचे कान लाल झाले होते. फलाटावरून चालत यायचे त्या दिवसांनंतर काडीनं त्यांना असं पाहिलं नव्हतं.

त्यानं चपला घातल्या आणि बाहेर आला. फाटकाशी मुलगी पोचली होती, हातात औषधांची पिशवी. ती तिथेच थबकली होती.

“काका, आत कोण ओरडतंय?”

“तुझी आई.”

“आई?” तिला खरं वाटेना. तिनं कान दिला. “आईचा आवाज नाहीये हा.”

“तिचाच आहे,” काडी म्हणाला.

ती आत धावेल असं त्याला वाटलं होतं. ती गेली नाही. पायरीवर बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि तोंड उघडं ठेवून ऐकत राहिली. आतून “एकशे तीन” आणि “शंभर” असे दोन्ही आकडे एकदम आले, आणि मग मेलवाल्यांच्या खोकल्यासारखं काहीतरी, ते कदाचित हसणंही असेल. काडीनं तिला वळसा घालून फाटक उघडलं, आवाज होऊ नये म्हणून कडी हातानं धरून हळूच लावली आणि उन्हात चालू लागला.